न दुखणारी जखम

शरीराला होणाऱ्या जखमा दोन प्रकारच्या असतात. उसाच्या फडात कोयता निसटून पायावर बसला, चुलीतील निखारा हातावर पडला किंवा बैलाने शिंग मारले, तर मनुष्य तत्क्षणी ओरडतो, घरची माणसे धावतात आणि इलाज सुरू होतो. वेदना येथे पहारेकऱ्याचे काम करते. दुसऱ्या प्रकारच्या जखमेची गोष्ट निराळी आहे. ती रोज थोडी थोडी होते, वर्षानुवर्षे होत राहते आणि बहुधा दुखत नाही. ज्याच्या शरीरात ती वाढत असते त्याला तिचा पत्ता नसतो. पत्ता लागतो तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात अशीच होते आणि कुष्ठरोगाने बधिर झालेल्या बोटांचा नाश होतो तोही असाच. या न दुखणाऱ्या जखमेचा माग काढण्यात ज्या भारतीय संशोधकाने आपले आयुष्य वेचले, त्यांचे नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातील विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून त्यांचा गौरव केला जातो.

खानोलकर हे आडनाव ऐकले की वेंगुर्ल्याजवळचे खानोली गाव आठवते. वसंतरावांचे घराणे गोमंतक मराठा समाजातले. परंतु त्यांचा जन्म कोकणात झाला नाही की गोव्यातही झाला नाही. १३ एप्रिल १८९५ रोजी ते जन्मले ते क्वेट्टा येथे. बलुचिस्तानातील हे डोंगराळ शहर आज पाकिस्तानात आहे. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ साली विकृतिशास्त्र या विषयात एम. डी. ही पदवी संपादन केली. विलायतेची पदवी घेऊन परतलेल्या डॉक्टरापुढे त्या काळी एक रुंद आणि सुखाची वाट असे. मोठ्या शहरात दवाखाना थाटावा, धनिकांच्या घरी जावे, कीर्ती आणि पैसा दोन्ही मिळवावे. खानोलकरांनी निवडलेल्या विषयात मात्र रुग्णाची नाडीसुद्धा क्वचितच हाती लागत असे. तेथे हाती येई तो रुग्णाच्या शरीराचा एक लहानसा तुकडा.

विकृतिशास्त्र म्हणजे रोगामुळे शरीराच्या अवयवांत आणि त्यांच्या घडणीत कोणते बदल होतात याचा अभ्यास. आपले शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. एकाच प्रकारचे काम करणाऱ्या पेशी एकत्र येऊन जे विणकाम होते त्याला ऊती म्हणतात. त्वचा, स्नायू, मज्जा ही सारी ऊतींचीच रूपे. रोग कोठे झाला हे वैद्य पूर्वीपासून पाहत आले होते. पण रोगाचे खरे घर पेशीत असते हे जर्मनीतील रुडॉल्फ फिरखो या शास्त्रज्ञाने १८५८ साली ठामपणे मांडले आणि तेथून या शास्त्राला नवी दृष्टी आली. रुग्णाच्या व्रणातून काढलेला तुकडा प्रथम फॉर्मॅलिनमध्ये टिकवावा लागतो. मग तो मेणात बसवून त्याचे काप काढतात. हे काप इतके पातळ असतात की त्यांची जाडी एका मिलिमीटरच्या हजार भागांपैकी जेमतेम पाच भाग भरते. ते काचेवर चढवून रंगवले की पेशींचे केंद्र निळसर-जांभळे आणि बाकीचा भाग गुलाबी दिसू लागतो. सूक्ष्मदर्शक यंत्राखाली हा नकाशा वाचणे ही एक विद्याच आहे. तिला चिकाटी लागते. रुग्णाला या कामाची कल्पनाही नसते आणि उपकाराचे शब्द क्वचितच प्रयोगशाळेपर्यंत पोहोचतात.

मायदेशी आल्यावर खानोलकरांनी मुंबईत अध्यापन केले. ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि परळ येथील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात ते विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. यांपैकी दुसऱ्या संस्थेची जन्मकथा ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वैद्यकीय शिक्षणातील वरच्या जागा इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती असण्याचा तो काळ. तेव्हा या महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्या विश्वस्तांनी अशी अट घातली की येथील अध्यापक भारतीय असावेत. १९२५–२६ च्या सुमारास महाविद्यालय आणि त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले. भारतीय डॉक्टरांना शिकवता येते, संशोधनही करता येते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या पिढीवर येऊन पडली होती. खानोलकर त्या पिढीतले होते.

त्याच सुमारास कर्करोगाविषयी एक समजूत पाश्चात्त्य देशांत रूढ होती. हा रोग सुधारलेल्या, संपन्न राष्ट्रांचा आहे, हिंदुस्थानासारख्या देशात तो विरळा, असे पुष्कळ विद्वान मानीत. समजुतीला वरवरचा आधारही होता. १९४० च्या आगेमागे भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान तिशीच्या आसपास होते. कर्करोग मुख्यतः उतारवयात गाठतो. ज्या देशातील असंख्य माणसे पटकी, हिवताप, क्षय आणि प्रसूतीतील आजारांनी आधीच निघून जात, तेथे त्याचे प्रमाण कमी भासणारच. शिवाय खेड्यातील रुग्ण रुग्णालयात येतच नसे आणि आला तरी त्याची नोंद नीट राहत नसे. जे मोजलेच नाही ते अस्तित्वात नाही असे मानण्याची ही चूक होती.

ती दुरुस्त करण्याची संधी एका दुःखद घटनेतून आली. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींचेही निधन झाले. पण त्यांच्या इच्छेला अनुसरून त्यांच्या विश्वस्त निधीने परळ येथे कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय बांधले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन झाले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख म्हणून खानोलकरांची नेमणूक झाली. रुग्णालय उभे राहिले ते नेमके गिरणगावात. भोवती कापडगिरण्यांची धुराडी आणि कामगारांच्या चाळी. कोकणातून आणि घाटावरून पोट भरण्यासाठी आलेली माणसे तेथे दाटीवाटीने राहत. कापूस पेट घेईल म्हणून गिरणीत विडी ओढण्यास मनाई असे. तंबाखूची चिमूट मात्र चालत असे. खानोलकरांच्या मेजावर येणारे पुष्कळसे तुकडे अशाच कष्टकरी माणसांच्या तोंडातले होते.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती मोजण्याची. रुग्णालयात सलग आलेल्या तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा अभ्यास करून त्यांनी १९४४ साली अमेरिकेतील कर्करोगविषयक नियतकालिकात आपला निबंध प्रसिद्ध केला. महायुद्ध चालू होते. जगाचे लक्ष दुसरीकडे होते. तरीही त्या निबंधाने एक गोष्ट स्पष्ट झाली. कर्करोग भारतात विरळा नाही. तो येथे वेगळ्या जागी घर करतो. युरोपात ज्या अवयवांना तो अधिक ग्रासतो ते येथे तुलनेने सुटतात आणि येथे तोंड, जीभ, घसा यांवर त्याचा घाला पडतो.

मग प्रश्न उभा राहिला की येथेच का? उत्तर रुग्णांच्या कमरेच्या चंचीत होते. तंबाखू ही काही आपल्या मातीतील मूळची वनस्पती नव्हे. अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर ती दख्खनेत आली आणि सतराव्या शतकाच्या आरंभी असदबेग नावाच्या सरदाराने ती विजापुराहून अकबराच्या दरबारी नेली. पुढच्या तीनशे वर्षांत ती घरोघर पोहोचली. निपाणी आणि तिच्या आसपासचा मुलूख तर तंबाखूच्या पिकासाठीच प्रसिद्ध झाला. पानात घालून, चुन्यात मळून, मिशरी करून, विडीत भरून ती सेवन केली जाऊ लागली. पाहुण्यापुढे पानाचे तबक आणि तंबाखूची डबी ठेवणे हा शिष्टाचार ठरला. अशा वस्तूवर संशय घेणे सोपे नव्हते.

चुना व तंबाखू यांची गोळी गालाच्या आत, हिरडीच्या कडेला, तासन्‌तास दाबून ठेवली म्हणजे काय घडते? तोंडाच्या आतील अस्तर अनेक थरांचे असते. तळच्या थरातील पेशी विभागून नव्या पेशी तयार होतात, त्या वर सरकतात आणि जुन्या झडून जातात. चुना दाहक आहे. तो वरचा थर भाजून काढतो. झालेली हानी भरून काढण्यासाठी खालच्या पेशी अधिक घाईने विभागू लागतात. त्याच वेळी तंबाखूतील विषारी द्रव्ये त्या पेशींत झिरपतात. ही द्रव्ये पेशींच्या आनुवंशिक घटकांतच बिघाड करतात, हे आता निश्चित झाले आहे. एक दिवसाची हानी शरीर सहज दुरुस्त करते. वीस वर्षे तीच जागा, तीच गोळी आणि तोच दाह चालू राहिला की दुरुस्तीचे काम चुकू लागते. प्रथम एक पांढरा चट्टा दिसतो. तो दुखत नाही, म्हणून मनुष्य दुर्लक्ष करतो. पुढे त्यातील काही चट्ट्यांच्या जागी पेशींची वाढ बेताल होते आणि व्रण पडतो. दुखणे बहुधा त्यानंतर येते.

खानोलकरांच्या अभ्यासातील सर्वांत लक्षवेधी भाग म्हणजे व्रणाच्या जागेवरून कारण ओळखण्याची त्यांची पद्धत. ज्या गालात गोळी धरायची सवय, त्याच गालात रोग. बिहार आणि उत्तर प्रदेशात चुना लावलेली तंबाखू, म्हणजे खैनी, खालच्या ओठाच्या आत धरतात. तिकडील रुग्णांत तो ओठच रोगाने धरलेला आढळे. आंध्रच्या किनाऱ्यावर काही लोक, विशेषतः स्त्रिया, चुट्टा नावाची चिरूट पेटते टोक तोंडात ठेवून ओढतात. तेथे टाळूला रोग होतो. खैनीच्या कर्करोगाचे वर्णन खानोलकरांनी सूर्याबाई यांच्यासमवेत १९४५ साली प्रसिद्ध केले. त्याच निबंधात आणखी एका विलक्षण प्रकाराची ओळख त्यांनी करून दिली. त्याला धोतराचा कर्करोग असे नाव पडले आहे.

धोतर ते काय आणि त्याने कर्करोग तो काय होणार, असे कोणासही वाटेल. जोतिबाच्या डोंगरावर चैत्री यात्रेत उंच सासनकाठ्या पेलणारे गडी कमर कसूनच उभे राहतात आणि गुलालात न्हाऊन सुखरूप घरी परततात. एका दिवसाच्या काचण्याने काहीही होत नाही. पण जो मनुष्य वर्षाचे बारा महिने, सारा जन्म, कमरेच्या एकाच रेषेवर धोतर करकचून बांधतो, त्याच्या त्या जागेची त्वचा घामाने भिजते, घासते, काळवंडते, तिच्यावर खपल्या धरतात. फार थोड्या जणांच्या बाबतीत तेथे न भरणारा व्रण होतो आणि त्यातून कर्करोग उद्भवतो. पुढे साडीखालच्या परकराच्या नाडीने स्त्रियांनाही असेच होऊ शकते असे डॉक्टरांना आढळले. हा आजार दुर्मिळ आहे आणि त्यासाठी कोणी धोतर सोडावे असे नाही. पण शास्त्राच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे होते. वस्त्राची साधी गाठसुद्धा, वेळ पुरेसा मिळाला तर, ऊतींना कायमची इजा करू शकते, हे त्यावरून दिसले.

जगात अशी उदाहरणे यापूर्वीही मिळाली होती. लंडनमध्ये पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणारा त्वचेचा कर्करोग काजळीमुळे होतो हे दाखवले होते. काश्मीरमध्ये थंडीत अंगरख्याच्या आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, धरून बसणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर होणारा कर्करोग डॉक्टरांच्या परिचयाचा होता. जपानमधील यामागिवा आणि इचिकावा या शास्त्रज्ञांनी १९१५ साली सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर चोळून कर्करोग उत्पन्न करून दाखवला होता. खानोलकरांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी एखाददुसरे उदाहरण गोळा करून समाधान मानले नाही. एका विस्तीर्ण देशातील माणसांच्या चालीरीती, खाणेपिणे, वस्त्रे आणि व्यसने यांचा रोगाशी असलेला संबंध त्यांनी पद्धतशीरपणे शोधला.

अर्थात आक्षेप घेणारे होतेच. तंबाखू खाऊन ऐंशी वर्षे जगलेला आजोबा कोणत्या गावात नसतो? तंबाखू खाणाऱ्या प्रत्येकाला रोग होत नाही, मग दोष तंबाखूचा कसा? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याचे उत्तर एकेका माणसाकडे पाहून मिळत नाही. रोग झालेल्या माणसांचा एक गट आणि रोग न झालेल्यांचा दुसरा गट घेऊन दोहोंतील सवयींचे प्रमाण ताडून पाहावे लागते. संघवी, राव आणि खानोलकर यांनी हेच केले आणि १९५५ साली ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकात आपले निष्कर्ष छापले. तंबाखू चघळणाऱ्यांत तोंडाच्या आतील भागाचा कर्करोग अधिक, विडी ओढणाऱ्यांत जिभेचे मूळ आणि घसा या भागांचा अधिक, असे त्यांत दिसून आले. इंग्लंड-अमेरिकेत धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे मोठे अभ्यास १९५० साली प्रसिद्ध झाले. मुंबईतील हजार रुग्णांचा निबंध त्यांच्याही सहा वर्षे आधीचा आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक होता. मुंबईतील निरनिराळ्या समाजांत कर्करोगाची ठिकाणे निरनिराळी दिसत. पारशी समाजात अग्नी पवित्र मानला जात असल्याने धूम्रपान निषिद्ध. त्यांच्यात स्तनाचा कर्करोग मात्र इतरांपेक्षा अधिक आढळे. हा भेद रक्तातला की रीतीतला? जन्मानेच ठरलेला असेल तर उपाय नाही. रीतीने ठरत असेल तर तो बदलता येईल. याचा उलगडा करायचा तर आधी समाजासमाजातील आनुवंशिक भेद नीट ठाऊक हवेत. म्हणून खानोलकरांनी संघवी यांच्यासह मुंबईतील आपापसांतच विवाह करणाऱ्या सहा समाजांच्या रक्तगटांचा आणि इतर आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास हाती घेतला. १९५० च्या सुमारास तो प्रसिद्ध झाला. कर्करोगाचा शोध घेता घेता मानववंशाच्या शास्त्रातही अशी भर पडली.

कर्करोगाइतकेच त्यांचे लक्ष वेधून घेतले ते कुष्ठरोगाने. त्या काळी त्याला महारोग म्हणत आणि त्या शब्दाने घराचे दार बंद होत असे. रोगी म्हणजे पापाचे फळ भोगणारा, अशी समजूत होती. १८९८ च्या कायद्याने अशा निराधार रुग्णांना पकडून आश्रमात ठेवता येई. तो कायदा पूर्णपणे रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. या रोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ मध्येच शोधला होता. म्हणजे रोग पापाने होत नाही हे शास्त्राला कळून चुकले होते. पण जंतू शरीरात शिरल्यावर नेमके काय करतो, कोठे दडतो आणि हातापायांची अशी दुर्दशा का होते, याचे चित्र धूसर होते.

रोग पुरता वाढल्यावर सर्वत्र इतकी मोडतोड झालेली असते की सुरुवात कोठे झाली हे कळत नाही. जळून खाक झालेल्या घरात ठिणगी कोठे पडली ते शोधण्यासारखेच ते असते. खानोलकरांनी म्हणून अगदी आरंभीचे, फिकट, लहान डाग निवडले. त्या डागांचे तुकडे घेऊन त्यांचे लागोपाठ काप पाडले आणि एकेक काप तपासला. त्यांना जंतू आढळले ते त्वचेतील अतिसूक्ष्म मज्जातंतूंत. त्वचेतील तंतूंची टोके गाठून जंतू त्या वाटेने आत सरकतात आणि बराच काळ गुपचूप राहतात, असे मत त्यांनी मांडले. हा अभ्यास १९५१ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या विशेष अहवालात प्रसिद्ध झाला. तंतूंना वेढणाऱ्या पेशींत हा जंतू कसा आश्रय घेतो, याचा अधिक बारकाईने उलगडा पुढील संशोधकांनी केला. पण रोगाचा खरा आघात मज्जातंतूंवर होतो ही दिशा पक्की करण्यात खानोलकरांचा वाटा मोठा आहे.

या शोधाचा अर्थ साध्या शब्दांत असा. कुष्ठरोगात बोटे आपोआप गळून पडत नाहीत. मज्जातंतू मेले की वेदना जाते. मग हाताला चटका बसला तरी तवा सुटत नाही, पायात काटा मोडला तरी मनुष्य तसाच चालत राहतो, रात्री उंदराने बोट कुरतडले तरी जाग येत नाही. जखमेवर जखम होते, ती चिघळते, हाडापर्यंत जाते. पॉल ब्रँड या इंग्रज शस्त्रवैद्याने १९४६ नंतर वेल्लोर येथे रुग्णांच्या हातापायांचा अभ्यास करून हेच दाखवले आणि निकामी हात शस्त्रक्रियेने कामी आणले. मुंबईत सूक्ष्मदर्शकाखाली आणि वेल्लोरला शस्त्रक्रियेच्या मेजावर, दोन टोकांनी एकाच सत्याकडे वाट निघाली होती. पूर्वजन्मीच्या पापावर औषध नव्हते. बधिर पायाला जाड तळव्याची पादत्राणे देता येत होती, आणि आरंभीच औषध दिले तर तंतू वाचवताही येत होते.

१९५२ साली परळ येथेच भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली आणि खानोलकर त्याचे प्रमुख झाले. येथे त्यांचा दुसरा गुण दिसून आला. चांगला संशोधक पुष्कळदा एकांडा असतो; खानोलकरांना माणसे जोडता आणि घडवता येत. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. नंतर त्या अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर काचेच्या भांड्यात मानवी पेशी जिवंत ठेवण्याची आणि वाढवण्याची विद्या तेथे त्या शिकल्या. परत येऊन त्यांनी या केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. जिवंत पेशीवर आघात होताना तो पाहण्याची सोय त्यामुळे झाली. तोवर मेलेल्या ऊतींच्या कापांवरच भागवावे लागत असे.

या प्रयोगशाळेत एक धाडस झाले. कुष्ठरोगाचा जंतू शोधला जाऊन पाऊणशे वर्षे लोटली होती, तरी तो प्रयोगशाळेत वाढवणे कोणालाही साधले नव्हते. जंतूला मज्जातंतूंची ओढ आहे हे खानोलकरांना ठाऊक होते. तेव्हा मज्जारज्जूजवळच्या गंडिकांतील मानवी पेशी भांड्यात वाढवून त्यांच्यात रुग्णाच्या गाठीतील जंतू सोडण्यात आले. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ साली जाहीर केले की असा एक जंतू वाढला आहे. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला आय. सी. आर. सी. बॅसिलस हे नाव मिळाले. पुढील तपासण्यांत मात्र असे आढळले की हा कुष्ठरोगाचा मूळ जंतू नसून त्याच्या कुळातील दुसराच जंतू आहे. मूळ जंतू उंदराच्या पंजात किंवा आर्माडिलो या प्राण्याच्या शरीरात वाढवता येतो. कृत्रिम माध्यमात तो अजूनही वाढलेला नाही. खानोलकर आणि त्यांचे सहकारी ज्या दारावर थाप देत होते ते दार उघडले नाही. तरी त्या जंतूची हकीकत तेथे संपत नाही.

मानसन्मान त्यांना पुष्कळ मिळाले. १९५५ साली पद्मभूषण, वैद्यक विषयाचे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद, भारतीय विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेचे संस्थापक-अध्यक्षपद, १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद. अणुस्फोटांच्या चाचण्यांमुळे सारे जग धास्तावले असताना संयुक्त राष्ट्रांनी १९५५ मध्ये किरणोत्सर्गाच्या परिणामांचा विचार करण्यासाठी शास्त्रज्ञांची समिती नेमली. तीत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. किरणोत्सर्गाची इजाही तशी न दुखणारीच. ती होते तेव्हा काहीच जाणवत नाही आणि वर्षांनंतर तिचे परिणाम दिसतात. या विषयाकडे ते वळले यात नवल नव्हते.

२९ ऑक्टोबर १९७८ रोजी डॉ. खानोलकरांचे निधन झाले. त्यांचे संशोधन केंद्र टाटा रुग्णालयाबरोबर १९६६ साली एका छत्राखाली आले होते. २००२ मध्ये ते नवी मुंबईत खारघर येथे विस्तीर्ण जागेत गेले. तंबाखूविषयीचा त्यांचा निष्कर्ष पुढील असंख्य अभ्यासांनी बळकट केला. तंबाखू नसलेले पानसुपारीही कर्करोगास कारण होते असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ च्या अहवालात नमूद केले आणि २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. रोग मात्र हटलेला नाही. परळच्या रुग्णालयात आजही गालाला पट्टी बांधलेली माणसे दूरदूरच्या गावांहून येतात.

आणि तो आय. सी. आर. सी. बॅसिलस? खानोलकरांच्या निधनानंतरच्या वर्षी, १९७९ मध्ये, त्याच संस्थेतील संशोधकांनी त्यापासून कुष्ठरोगावर लस तयार केली. तमिळनाडूत १९९० नंतर हजारो लोकांना निरनिराळ्या लसी टोचून त्यांची तुलना करण्यात आली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, चुकीचा ठरलेल्या या जंतूपासून बनवलेल्या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले.